करोडगिरीचा नाका आणि अदृश्य धन

क्रिप्टो चलनाचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील पुष्कळ साथी त्याकडे पाठ फिरवतात. कापसाचा भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी, वाळूजच्या कंत्राटी कामगारांचे प्रश्न समोर असताना श्रीमंतांच्या पोरांच्या या सट्ट्यावर आपण शब्द कशाला खर्च करावेत, असा त्यांचा सवाल असतो. ही वृत्ती समजण्याजोगी आहे, पण बरोबर नाही. येथे खरा प्रश्न नाण्याचा नसून कराचा आहे. जी संपत्ती क्षणार्धात देशाची सीमा ओलांडू शकते तिच्यावर कर कोणी बसवायचा व कसा वसूल करायचा, या प्रश्नाला राज्यसंस्थेने उत्तर दिले नाही, तर निसटलेल्या संपत्तीच्या वाट्याचा भार ज्यांना निसटता येत नाही त्यांच्या डोक्यावर बसतो. पगारदाराचा कर पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. मजूर जे साबण-बिस्कीट विकत घेतो त्याच्या किमतीतच वस्तू व सेवा कर दडलेला असतो. यांपैकी कोणालाही आपले उत्पन्न दुबईला पाठवून कर चुकवता येत नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही नवी संज्ञा आयकर कायद्यात आणली. अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर लागू झाला. त्यावर अधिभार व उपकर वेगळे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा करता येत नाही. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून प्रत्येक हस्तांतरणाच्या रकमेवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, १ टक्का कर उगमापाशीच कापण्याची, म्हणजे टीडीएसची, तरतूद झाली. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या व १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिवस ठरवलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही चौकट मूलतः तीच ठेवण्यात आली.

वरवर पाहता हा कडक कायदा आहे. परंतु तो नेमका कशावर कडक आहे, हे बारकाईने पाहिले पाहिजे. तो हस्तांतरणावर कर बसवतो, स्थलांतरावर नाही. मी माझे बिटकॉइन दुसऱ्याला विकले, तर ते हस्तांतरण होय. पण मुंबईच्या एक्सचेंजवरील माझ्या खात्यातून ते मी परदेशी एक्सचेंजवरील माझ्याच खात्यात हलवले, तर मालक बदलला नाही आणि म्हणून करही लागला नाही. तत्त्वतः यात गैर काही नाही. स्वतःच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे ठेवल्यास कोणी कर मागत नाही. अमेरिकेची करव्यवस्थाही स्वतःच्याच दोन खात्यांमधील हालचालीवर कर मागत नाही. अडचण अशी की दुसरा खिसा ज्या सदऱ्याचा आहे तो सदरा दुसऱ्या देशात टांगलेला असतो. भारतातील एक्सचेंज टीडीएस कापते, आयकर खात्याला हिशेब देते. परदेशातील व्यासपीठ यांपैकी काही करतेच असे नाही. भारतीय रहिवाशाच्या जागतिक उत्पन्नावर आपला कायदा कर सांगतो हे खरे, परंतु ते उत्पन्न झाले हे सांगणार कोण? सांगायचे आहे ते करदात्यानेच. जेथे कर भरणाऱ्याची सचोटी हीच वसुलीची एकमेव यंत्रणा असते, तेथे कायद्याचा कडकपणा सचोटीच्या माणसापुरताच उरतो.

मराठवाड्याच्या वाचकाला सीमेवरचा कर हा विषय नवा नाही. निजामी राज्यात मनमाडहून औरंगाबादकडे येणारा माल म्हणजे परराज्यातील माल होता आणि त्यावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके जागोजागी उभे होते. त्या राज्याचे नाणेही वेगळे, हाली शिक्क्याचे. मुक्तिसंग्रामात हे करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे हा लढ्याचा एक भाग झाला, कारण तो कर जुलमी सत्तेचा होता. परंतु त्या नाक्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. बैलगाडी, पोते, गाठोडे, जे काही सीमा ओलांडे ते डोळ्यांना दिसे. कर बसवण्यासाठी आधी वस्तू दिसावी लागते. करशास्त्राचा हा पहिला धडा होय.

त्याच राज्याचा दुसरा धडा पैशाविषयीचा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्याच दिवसांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळती करण्यात आली. एक सूचना गेली आणि संस्थानातील रयतेच्या घामातून उभा राहिलेला पैसा दुसऱ्या राष्ट्राच्या खात्यात जाऊन बसला. निजामाने आठवडाभरात तो परत मागितला. खटला दशकानुदशके रेंगाळला आणि अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत सरकार व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. एकाहत्तर वर्षांनीही हा निवाडा का होऊ शकला? कारण मध्ये एक बँक होती. तिच्याकडे नोंद होती, नाव होते, आणि न्यायालयाच्या हुकुमानुसार पैसा अडवून ठेवण्याची सक्ती तिच्यावर करता येत होती.

क्रिप्टो चलनाने नेमकी हीच मधली बँक काढून टाकली आहे. गंमत अशी की नोंद तर आहे. बिटकॉइनची प्रत्येक हालचाल सार्वजनिक वहीत कायमची उतरलेली असते, आणि ती वही कोणीही वाचू शकतो. वहीत नाही ते नाव. अमुक क्रमांकाच्या पाकिटातून तमुक क्रमांकाच्या पाकिटात इतके गेले, एवढेच ती सांगते. ते पाकीट सिडकोतील तरुणाचे की केमन बेटांवरील कंपनीचे, हे ती सांगत नाही. जुन्या नाक्यावर माल दिसे, जुन्या बँकेत नाव दिसे. येथे हालचाल दिसते आणि मालक दिसत नाही. करवसुलीचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

आता या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो ते पाहू. एखाद्या लहान गुंतवणूकदाराला एका नाण्यात १ लाख रुपयांचा नफा व दुसऱ्यात १ लाखाचा तोटा झाला, तर त्याच्या हाती शून्य उरते. कर मात्र ३० हजार, उपकरासह ३१ हजार २०० रुपये. शेअर बाजारातील सटोडियाला तोटा वळता करण्याची मुभा आहे, यालाच नाही. दुसरे उदाहरण घ्या. आपल्या शहरातील एखादा संगणक जाणणारा तरुण परदेशी ग्राहकाचे काम करतो आणि तो ग्राहक त्याला डॉलरशी जोडलेल्या टेथर नाण्यात १ लाख रुपयांचा मोबदला देतो. ही रक्कम त्याच्या व्यवसायाचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. पुढे विकताना ९८ हजारच मिळाले, तर २ हजारांचा तोटा त्याला कोठेही दाखवता येत नाही, वर विक्रीच्या रकमेवर ९८० रुपयांची कपात होते. शिवाय सेवेची निर्यात मानली जाण्यासाठी मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या रीतीने यावा लागतो. टेथर हे त्यात बसत नाही, म्हणून निर्यातदाराची करसवलतही धोक्यात येते. तिसरे उदाहरण आखातात राबणाऱ्या कामगाराचे. २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले, आणि हा ओघ जगात सर्वांत मोठा आहे. लहान रकमा पाठवताना दलालीपोटी जागतिक सरासरीने सहा टक्क्यांच्या आसपास कापले जातात. ती दलाली वाचवण्यासाठी कोणी मुलगा वडिलांना असे नाणे पाठवू म्हणेल, तर नातेवाइकाची भेट म्हणून ते करमुक्त असले, तरी विकताना टीडीएस, हिशेबाची कटकट आणि परकीय चलन कायद्याची टांगती तलवार आलीच. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा आहे, आणि या नाण्याला चलन म्हणावे, माल म्हणावे की आणखी काही, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही.

आणि मोठे मासे? २०२१ च्या जून महिन्यात अंमलबजावणी संचालनालयाने वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजला सुमारे २,७९० कोटी रुपयांच्या क्रिप्टो व्यवहारांबद्दल परकीय चलन कायद्याखाली नोटीस बजावली. बेकायदा जुगारी ॲपमधून मिळवलेले रुपये टेथरमध्ये रूपांतरित करून परदेशी पाकिटांत पाठवल्याच्या चौकशीतून हे प्रकरण पुढे आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्स, क्युकॉइन, क्रॅकन यांसह नऊ परदेशी व्यासपीठांना नोटिसा काढल्या, कारण ती भारतीयांशी व्यवहार करीत होती व भारतात नोंदणी मात्र करीत नव्हती. पुढे बायनान्सला २०२४ साली १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला आणि ती नोंदणी करून पुन्हा दाखल झाली. जगातील सर्वांत मोठ्या एक्सचेंजला एवढा दंड म्हणजे दरवाजावरची देणगी!

वसुलीचे आकडे पाहा. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे या ३० टक्के करापोटी २०२२-२३ मध्ये सुमारे २६९ कोटी व २०२३-२४ मध्ये सुमारे ४३७ कोटी रुपये मिळाले, म्हणजे दोन वर्षांत ७०६ कोटी. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. दरमहा दहा टक्के बिटकॉइन परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ या एका योजनेतून सुमारे ६,६०० कोटी रुपये गोळा झाल्याचे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. २०१८ मध्ये पुण्यात तिच्यावर गुन्हे दाखल झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्हे सीबीआयकडे सोपवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशात साठ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत पुणे, कोल्हापूर आणि आपल्या मराठवाड्यातील नांदेडही होते. एका फसवणुकीत बुडालेली रक्कम दोन वर्षांच्या राष्ट्रीय करवसुलीच्या नऊपटीहून अधिक आहे. दिल्लीला कर दिसला, नांदेडच्या ठेवीदाराचे नुकसान दिसले नाही.

आपल्या जिल्ह्यातील माणसाला यात अपरिचित काही नाही. औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, बिडकीन-पैठण भागातील शेतकऱ्यांच्या हाती मोबदल्याचा पैसा आला, आणि ‘तीस-तीस’ नावाच्या योजनेने त्याला गाठले. २०२२ मध्ये तो घोटाळा उघड झाला. आदर्श पतसंस्थेचे ठेवीदार २०२३ मध्ये याच शहरात रस्त्यावर आले. जेथे शेतीत परतावा नाही, सहकारावर विश्वास नाही आणि नोकरी नाही, तेथे आमिषाचे पीक जोमाने येते. फरक इतकाच की पतसंस्थेच्या संचालकाची जमीन जप्त करता येते. परदेशी पाकिटात गेलेल्या नाण्याची किल्ली ज्याच्या डोक्यात आहे, त्याच्याकडून ती कशी जप्त करणार?

निसटण्याचा आणखी एक मार्ग संपूर्णपणे कायदेशीर आहे, आणि म्हणूनच अधिक गंभीर. आपला आयकर माणसाच्या वास्तव्यावर ठरतो. भारतात असताना घेतलेली नाणी किमतीने दहापट झाली. मालक ती न विकता संयुक्त अरब अमिरातीत राहायला गेला, अनिवासी झाला आणि तेथे विकली. तेथे व्यक्तीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. वाढ भारतात झाली, विक्री तिकडे. नाणे नेमके कोठे ‘वसते’ याचे स्पष्ट उत्तर कायद्यात नसल्याने आपल्या हक्कावर वाद घालता येतो. कोणत्याच देशात कर न भरणाऱ्या भारतीयांसाठी २०२० मध्ये ‘मानीव रहिवासी’ ही तरतूद आली खरी. पण ती भारतातील उत्पन्न १५ लाखांवर असणाऱ्यांपुरतीच आहे, आणि त्यांच्याही परदेशात उद्भवलेल्या उत्पन्नाला, भारतातून चालवलेला व्यवसाय वगळता, ती सहसा हात लावीत नाही. कॅनडासारखा देश वास्तव्य सोडून जाणाऱ्याची बहुतेक मालमत्ता त्या दिवशी विकली गेली असे मानून तोवरच्या वाढीवर कर आकारतो. भारतात असा निर्गमन कर नाही.

या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे बाजारात आहेत. पहिले उत्तर, जे आपल्याही काही साथींना प्रिय आहे, ते सरसकट बंदीचे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो प्रमाणाबाहेर ठरवून रद्द केला. न्यायालयाचे सोडा, अनुभव काय सांगतो? १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याची हौस कमी झाली नाही, कोकण किनाऱ्यावरची तस्करी मात्र फोफावली आणि १९९० मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. जी वस्तू मजकुराच्या ओळीसारखी पाठवता येते तिच्यावरील बंदी सोन्यावरील बंदीहून दुबळीच ठरणार.

दुसरे उत्तर या धंद्यातील कंपन्यांचे. १ टक्क्याची कपात नाममात्र करा, म्हणजे परदेशी गेलेला व्यवहार परत येईल, असे त्या म्हणतात. यातील अर्धा भाग खरा आहे. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचे भांडवल या कपातीत अडकते आणि तो परदेशी व्यासपीठाकडे वळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जेम्स टोबिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात चलनाच्या सट्ट्यावर लहानसा कर सुचवला होता, तो सट्ट्याचे चाक मंदावण्यासाठी. आपली ही कपात तसा करही नाही, कारण ती अंतिम करातून वळती होते. तिचा उपयोग माग काढण्याचा आहे. २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांत तिच्यापोटी सुमारे १,०९६ कोटी जमले, त्यांपैकी सुमारे ६० टक्के एकट्या महाराष्ट्रातून. २०२४-२५ मधील सुमारे ५१२ कोटींच्या कपातीवरून किमान ५१ हजार कोटींची उलाढाल खात्याच्या नजरेत आली असे गणित निघते. माग काढण्याचे काम कमी दरानेही होईल. पण दर कमी करण्याचा मोबदला म्हणून संपूर्ण माहिती मागितली पाहिजे. निव्वळ सूट म्हणून ती कपात सोडून देणे हे शरणागतीचे धोरण होय.

खरा तोडगा माहितीत आहे आणि तो आंतरराष्ट्रीय आहे. बँक खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप देण्याची पद्धत भारताने २०१७ पासून स्वीकारली. क्रिप्टोसाठी तशीच चौकट विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०२२ मध्ये तयार केली, २०२३ च्या दिल्लीतील जी-२० परिषदेने तिला पाठिंबा दिला आणि २०२७ पासून देवाणघेवाण सुरू करण्याचे भारताने मान्य केले आहे. अमिरातींनी २०२८ हे वर्ष सांगितले आहे. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. माहिती देणार आहेत ती एक्सचेंजे व मध्यस्थ. ज्याने नाणी स्वतःच्या खासगी पाकिटात ठेवली व थेट दुसऱ्या माणसाला दिली, तो या जाळ्याबाहेरच राहतो. दुसरे म्हणजे, माहिती येणे आणि तिचा उपयोग होणे या भिन्न गोष्टी आहेत. परदेशी बँक खात्यांच्या याद्यांचे आजवर काय झाले, हे आपण पाहतोच आहोत.

निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारतीय करसुधारणेचा अहवाल दिला तेव्हा त्यांचा आग्रह असा होता की उत्पन्न, संपत्ती, खर्च, भेट व भांडवली नफा हे कर परस्परांना जोडलेले असावेत, म्हणजे एकातून लपवलेले दुसऱ्यात उघडे पडेल. त्या इमारतीचे खांब आपण एकेक करून पाडले. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. आज एखाद्याजवळ शंभर कोटींची नाणी पडून असतील व त्याने ती विकलीच नाहीत, तर त्याच्यावर कोणताही कर नाही. विकणाऱ्या लहान माणसावर ३० टक्के, धरून बसणाऱ्या धनिकावर शून्य, आणि घेऊन जाणाऱ्यावरही शून्य. याला समान करव्यवस्था म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या पक्षाने पुढील मागण्या स्पष्ट शब्दांत मांडाव्यात, असे मला वाटते. एक, या मालमत्तेचे स्वरूप व तिचे स्थान ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने करावा व परकीय चलन कायद्यातील संदिग्धता दूर करावी. दोन, देशाचे वास्तव्य सोडणाऱ्या मोठ्या धारकांवर तोवरच्या वाढीपुरता निर्गमन कर बसवावा, लहान नोकरदारास त्यातून वगळावे. तीन, ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच वर्षातील तोटा वळता करण्याची मुभा द्यावी व त्यापुढे ३० टक्क्यांचा दर कायम ठेवावा. चार, संपत्ती कर पुन्हा आणावा व त्यात ही नाणी मोजावीत. पाच, परदेशातून आलेल्या माहितीवर किती प्रकरणे उभी राहिली व किती वसुली झाली, याचा अहवाल सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. सहा, या करातून मिळणाऱ्या रकमेचा एक भाग फसवणुकीच्या तपासासाठी व ठेवीदारांच्या साहाय्यासाठी राखावा.

कार्यकर्त्यांसाठी मात्र संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावी दरमहा दहा टक्क्यांचे आमिष घेऊन फिरणारे दलाल आजही आहेत. त्यांच्या सभांना जाऊन चार प्रश्न विचारणे, पैसे घेणारी संस्था कोठे नोंदलेली आहे हे लोकांना तपासून देणे, फसलेल्यांना एकत्र आणून तक्रार नोंदवून घेणे, हे काम आपल्या तालुका शाखांना सहज करता येईल. १९६३ मध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत देशातील गरिबाच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला आणि सत्तेला आकड्यांत उत्तर देणे भाग पाडले. आज हिशेब मागायचा आहे तो दुसऱ्या टोकाचा. देशाबाहेर किती गेले, कोणाचे गेले आणि त्यावरचा कर कोणी भरला, हा प्रश्न आपण विचारला नाही, तर तो दुसरे कोणी विचारणार नाही.